सोसायटीत तीस ईव्ही आल्या तर डीपी झेपेल का?

मीटररूम
नमस्कार मंडळी. पुण्यात १२० फ्लॅटची आमची सोसायटी, आवारातच ३१५ केव्हीएचं रोहित्र, म्हणजे बोलीभाषेत डीपी. आजघडीला सात इलेक्ट्रिक कार आहेत, स्कूटर तर कोणी मोजतच नाही. ज्यानं त्यानं आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढून घेतलीय. आता नवे अर्ज धडाधड येताहेत आणि येत्या सर्वसाधारण सभेत 'तीस गाड्यांपर्यंत परवानगी' असा विषय आहे. कमिटीत सरळ दोन तट. एक म्हणतो, घरोघरी गीझर आणि एसी चालतात, मग चार्जरनंच काय घोडं मारलंय? दुसरा म्हणतो, मे महिन्यात डीपी उडाली तर रात्रभर सेक्रेटरीच्या दारात कोण बसणार? (सेक्रेटरी मीच.)

गेल्या उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमारास आमच्या वायरमननं मेन एलटी पॅनलच्या (डीपीतली वीज इमारतीत वाटणारा बोर्ड) इनकमरला, म्हणजे आत येणाऱ्या मुख्य केबलला, टोंग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावून घेतलेले तीन फेजचे, म्हणजे पुरवठ्याच्या तीन तारांचे, आकडे असे: आर फेज २७० अँपिअर, वाय ३१०, बी २४०. यावरून काय समजायचं? मी कॉमर्सवाला. जाणकारांनी प्रकाश टाकावा, शक्यतो डीपी न उडवता.

निशिगंधा
वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद सुरू आहे. मी तीन वर्षं ईव्ही वापरते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे ३.३ किलोवॉटवर, रात्रभरात गाडी आरामात भरते. तरी हल्ली प्रत्येकाला ७.४ किलोवॉटचाच वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) हवा असतो. गाडीबरोबर फुकट मिळतो ना!

फीडर_पिलर
आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नाहीतर या विषयात 'ग्रिड कोसळणार' आणि 'काही होत नाही हो' एवढ्या दोनच आरोळ्या ऐकू येतात. वितरणात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

३१५ केव्हीएच्या रोहित्राचा ४३३ व्होल्टला पूर्ण भार म्हणजे दर फेजला ४२० अँपिअर. तुमची सरासरी २७३ येते, म्हणजे साधारण २०५ केव्हीए. उन्हाळ्याच्या सर्वांत वाईट वेळेला ६५ टक्के. उत्तम स्थिती आहे.

आता तीस गाड्या, प्रत्येकी ७.४ किलोवॉट, सगळे साडेनऊला घरी येऊन प्लग लावतात. ३० गुणिले ७.४ म्हणजे २२२ किलोवॉट. आधीचे २०५ धरून (केव्हीए आणि किलोवॉट इथे ढोबळमानानं सारखेच धरतोय) सव्वाचारशेच्या पुढे, क्षमतेच्या १३५ टक्के. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणून १.३५ पट भाराला उष्णता १.८ पट. तेलाचं रोहित्र तास-दीड तास असा जुलूम सोसतं, लगेच उडत नाही. ते आतून म्हातारं होतं. गुंडाळीवरचा कागद हा त्याचा जीव. त्या कागदाच्या सर्वांत गरम जागेचं तापमान नेहमीच्या मर्यादेपेक्षा दर ६ अंशांनी वाढलं की झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा आंतरराष्ट्रीय मानकातला ठोकताळा आहे. कागद एकदा ठिसूळ झाला की परत पहिल्यासारखा होत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात: आपली रोहित्रं आजवर रात्री थंड व्हायची. दिवसभर तापायचं आणि मध्यरात्रीनंतर श्वास घ्यायचा, या भरवशावर आपण त्यांना संध्याकाळी थोडं जास्त वापरून घेत आलोय. सगळं चार्जिंग बेशिस्तपणे रात्रीवर टाकलं तर तो विसावाही जातो.

आता दुसरी बाजू. पुण्यात माणूस दिवसाला कार चालवणार किती? ४० किलोमीटर धरा. युनिटला सात किलोमीटर पकडले तर सहा युनिट, चार्जरमधली गळती धरून साडेसहा. तीस गाड्यांचे मिळून दोनशे युनिट. हेच दोनशे युनिट रात्री ११ ते पहाटे ६ या सात तासांत सारखे पसरले, तर भार येतो जेमतेम २९ किलोवॉट.

२२२ आणि २९. गाड्या त्याच, युनिट तेवढेच. तुमच्या सभेत एवढे दोनच आकडे फळ्यावर लिहा.

कट्टरडिझेल
छान. पण ही वीज येते कुठून? कोळसाच ना? मग हा सगळा खटाटोप कशाला?

फीडर_पिलर
कोळशाचा धागा वेगळा काढा, तिथे येतो भांडायला. इथला प्रश्न शेवटच्या पाचशे मीटरचा आहे. परळीत किंवा कोराडीत वीज कितीही तयार झाली, तरी तुमच्या आवारातल्या डीपीतून ४२० अँपिअरच सुखानं जाणार.

हिशोबी
एक शंका. १२० फ्लॅट, प्रत्येकाचा मंजूर भार ५ किलोवॉट धरला तरी ६०० किलोवॉट होतात. मग ३१५ चं रोहित्र आजवर पुरलंच कसं?

फीडर_पिलर
नेमका प्रश्न. वितरणाचा सगळा डोलारा 'सगळे एकदम वापरत नाहीत' या गृहीतकावर उभा आहे. पंगत आणि बुफे. बुफेत शंभर माणसं असली तरी भाताच्या भांड्यापाशी एका वेळी पाच-सात जणच असतात. पंगतीत शंभर पानांवर भात एकदम वाढायला लागतो. गीझर दोन-तीन किलोवॉट घेतो, पण दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट तो बंद करतो. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. इस्त्री, मिक्सर, इंडक्शन, सगळं पुढेमागे. म्हणून एका फ्लॅटचा वाटा प्रत्यक्षात दीड-दोन किलोवॉटच्या पुढे जात नाही. गाडी मात्र एकदा लागली की तीन-चार तास एकसारखा पूर्ण करंट ओढते, आणि ऑफिसं एकाच वेळी सुटत असल्यानं गाड्याही एकाच वेळी लागतात. गीझरवाला तट इथे चुकतो.

स्कूटरची काळजी नको. तिचा चार्जर बहुतेक वेळा पाऊण-एक किलोवॉटचा आणि बॅटरी तीन-चार युनिटांची.

वायरमन_भाऊ
साहेबांचं बरोबर आहे, पण डीपी जायच्या आधी दुसरंच काहीतरी जातं. मी सोसायट्यांची कामं घेतो. जळतं काय? मीटर रूममधली लग (केबलच्या टोकाचा जोड), जुनं कटआउट (फ्यूजचा डबा), नाहीतर न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, ढिला बोल्ट. लाइट-पंख्याच्या हिशोबानं टाकलेली केबल, तिच्यावर रात्रभर ३२ अँपिअर. घरात ३२ अँपिअर पाच मिनिटं गेले तर कुणाला कळत पण नाही. सलग चार तास गेले की ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो, शेवटी काळा पडतो.

दुसरं, मेन आकडे बघा. वाय फेज आत्ताच ३१०. तिच्यावर आणखी चौदा वॉलबॉक्स बसले तर ४४८ वाढतात, एका फेजवर साडेसातशेच्या वर! बाकी दोन फेज निवांत, आणि उरलेला सगळा बोजा न्यूट्रलवर. न्यूट्रल तुटला की कुणाच्या घरात १५० व्होल्ट, कुणाच्या घरात ३५०. टीव्ही, फ्रिज, सगळं घेऊन जातो. म्हणून कुठला चार्जर कुठल्या फेजवर आहे याची यादी आधी भिंतीवर लावा. आमच्यातले बरेच जण जी फेज हाताला लागेल तिच्यावर जोडून मोकळे होतात.

आणि एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावणाऱ्याला दंड ठेवा. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग. यात तडजोड नको.

आखेनकर
जर्मनीतून लिहितोय. फेजचा मुद्दा वाचून राहवलं नाही. इथे घरोघरी थ्री फेज असतं आणि एका फेजवर ४.६ केव्हीएपेक्षा जास्त असमतोल चालत नाही. त्यामुळे आपल्याकडचा ७.४ चा सिंगल फेज वॉलबॉक्स इथे त्या रूपात बसवताच येत नाही. सर्रास दिसतो तो ११ किलोवॉटचा, तिन्ही फेजवर १६-१६ अँपिअर. बसवला की वितरण कंपनीकडे नोंद सक्तीची, आणि १२ केव्हीएच्या वर गेलात तर आधी परवानगी.

जानेवारी २०२४ पासून इथे ऊर्जा कायद्याच्या १४अ कलमाखाली नवी पद्धत आलीय. नवा वॉलबॉक्स किंवा हीट पंप असेल आणि गल्लीतली केबल खरोखर तुंबत असेल, तर कंपनी त्या उपकरणाचा भार तेवढ्यापुरता ४.२ किलोवॉटपर्यंत खाली आणू शकते. पूर्ण बंद नाही करायचा. घरातल्या चुलीला, दिव्यांना हात लावायचा नाही. बदल्यात नेटवर्क शुल्कात वर्षाला ढोबळमानानं ११० ते १९० युरोंची सूट. आणि 'गल्लीत जागा नाही' म्हणून जोडणी नाकारायची किंवा लांबवायची सोय कंपनीला राहिली नाही. हा सौदा मला पटतो. ४.२ किलोवॉटनंसुद्धा सकाळपर्यंत गाडी भरतेच.

अवांतर: सुरुवातीला इथेही वर्तमानपत्रांत 'आता सरकार तुमची गाडी बंद करणार' छापाच्या बातम्या आल्या होत्या. आपलेच भाऊबंद.

निशिगंधा
@आखेनकर, असा एखादा अभ्यास आहे का की किती गाड्या झाल्या म्हणजे गल्लीची केबल तुंबते?

आखेनकर
ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'माय इलेक्ट्रिक अव्हेन्यू' नावाचा प्रयोग झाला. एकाच फीडरवरच्या, म्हणजे रोहित्रातून निघणाऱ्या एकाच गल्लीच्या केबलवरच्या, शेजाऱ्यांना निसान लीफ दिल्या, साडेतीन किलोवॉटचे चार्जर लावले आणि केबलवर काय होतं ते मोजलं. निष्कर्ष असा की ४० ते ७० टक्के ग्राहकांकडे ईव्ही आल्या तर देशातल्या साधारण ३२ टक्के लो व्होल्टेज फीडरवर काहीतरी उपाय करावा लागेल. म्हणजे दोन तृतीयांश फीडर काही न करता तगतात. पण चार्जर साडेतीनचे होते हे विसरू नका. सातच्या चार्जरला तो आकडा तसाच्या तसा लावता येणार नाही.

सोलापूरकर
शहरातल्या चर्चेत गावाकडची वीज आणतो. आमच्याकडे डीपीवर भार येतो तो मोटारींचा, शेतातल्या. शेवटच्या खांबावर संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब लागत नाही. नियमानं लो टेन्शनला वर-खाली ६ टक्के चालतं, ते कागदावर. तिथे स्कूटर लावली तर चार्जर कुरकुरतो, मध्येच बंद पडतो. चार्जर नेहमीच ग्रिडला त्रास देतो असं नाही, कधी ग्रिडच चार्जरला देतो.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे पंप दिवसा चालायला लागलेत. दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य १६,००० मेगावॉटचं आहे. रात्रीची मोटार दिवसा गेली तर गावठाणाच्या रात्रीत जागा होईल, अशी आशा.

हिशोबी
हे दिवसाचं निघालंच तर एक विचारतो. पूर्वी चार्जिंग स्टेशनला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. जुलै २०२५ पासून महावितरण स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत देतंय, ८० पैशांपासून सुरू. म्हणजे दर सांगतो 'दुपारी भरा', आणि फीडर_पिलर सांगतात 'रात्री पसरा'. ऐकायचं कुणाचं? दुपारी माझी गाडी हिंजवडीत असते.

फीडर_पिलर
दोघांचंही, कारण दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. दर ठरतो राज्याच्या हिशोबावर. दुपारी सौर ऊर्जा भरपूर आणि स्वस्त, सूर्य मावळला की तीच मागणी महागड्या विजेवर भागवायची. तुमच्या डीपीला राज्यात सौर किती आहे याचा पत्ता नसतो. तिला फक्त स्वतःवरचा भार कळतो, आणि तो सर्वांत कमी असतो मध्यरात्रीनंतर. खालोखाल कामाच्या दिवशी दुपारी, सगळे बाहेर असतात तेव्हा. या दोन्ही हिशोबांत वाईट असलेली वेळ एकच: संध्याकाळी ६ ते ११. तेवढी टाळलीत तरी अर्धं काम झालं.

ज्यांची गाडी दिवसा घरी असते (निवृत्त मंडळी, घरून काम करणारे) त्यांनी दुपारी भरावी. गच्चीवर सौर असेल तर सोन्याहून पिवळं, तिथली वीज वर डीपीकडे जाण्याआधी पार्किंगमध्येच संपते. आणि हिंजवडीतल्या कंपनीनं पार्किंगमध्ये साधे ३.३ चे पॉइंट दिले, तर आठ तास उभ्या असलेल्या गाडीला फास्ट चार्जरची गरजच नाही.

कट्टरडिझेल
मग पीएमपीच्या इ-बस? एकेका बसची बॅटरी तुमच्या सात-आठ गाड्यांएवढी. त्या कशा चालतात?

फीडर_पिलर
त्या सोप्या आहेत. भेकराईनगरसारख्या आगाराला थेट उच्चदाबाची जोडणी असते, स्वतःची रोहित्रं असतात, आणि कुठली बस किती वाजता लागणार हे वेळापत्रकात लिहिलेलं असतं. मोठा भार, पण एका जागी आणि माहितीतला. वितरणवाल्याला भीती वाटते ती गल्लीत, न सांगता, एकेक करून वाढणाऱ्या भाराची.

मीटररूम
मंडळी, दंडवत. आता अडचण वेगळी. नियमानं २०२४ पासून ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. सभासद म्हणतात आम्ही प्रत्येक जण स्वतंत्र मीटर घेतो, सोसायटीचा संबंध काय?

हिशोबी
वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये ती दुरुस्ती झाली, खरं आहे. फायदाही आहे: घरच्या मीटरवर गाडी भरली की महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये ढकलले जातात, ईव्हीच्या वर्गवारीत ती भानगड नाही. पण तीस स्वतंत्र मीटर म्हणजे तीस स्वतंत्र मालक. त्यांना आवरणार कोण? त्यापेक्षा सोसायटीच्या नावानं एकच ईव्ही जोडणी घ्या, पार्किंगमध्ये एक वेगळं पॅनल, आणि त्याखाली लोड मॅनेजमेंट असलेले चार्जर. इनकमरवर सीटी (करंट मोजणारा सेन्सर) बसवायचा, तो इमारतीचा भार बघतो आणि उरलेल्या जागेत गाड्यांना वाटून देतो. एसी वाढले की गाड्या हळू, एसी कमी झाले की जोरात. कुणाला कळतही नाही.

खर्चावरून भांडण होणार, ते आत्ताच सांगतो. पॅनल आणि मेन केबल सोसायटीची, तिथून पुढचं ज्याचं त्यानं, असं आमच्याकडे ठरलं. ज्यांच्याकडे गाडीच नाही ते अजून रागावलेले आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. डीपी मोठी करायची वेळ आली तर मात्र ती ईव्हीवाल्यांच्या वर्गणीतून.

निशिगंधा
नव्या इमारतींचं बरं. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ सालीच दुरुस्ती झाली: पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची तरतूद, आणि सगळे पॉइंट एकाच वेळी चालतील असं धरून वर १.२५ चा सुरक्षा गुणक.

फीडर_पिलर
माझ्या मते तो गुणक उधळपट्टी आहे. पंगतीला जेवढं लागेल त्याच्याही सव्वापट. लोड मॅनेजमेंट असेल तर त्याच्या पाव क्षमतेत काम भागतं. उरलेल्या पैशातून केबल ट्रे आणि मोकळे पाइप टाकून ठेवावेत, पुढे भिंती फोडायला नकोत. आमचे काही जुने सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात, पण वाद घालणाऱ्यांपैकी कुणी सोसायटीच्या मीटिंगला बसलेलं नाही.

मीटररूम
ठरावाचा मसुदा टाकतो, फाडून काढा:

'सोसायटीच्या नावे स्वतंत्र ईव्ही जोडणी घ्यावी. कमाल तीस चार्जर. प्रत्येक चार्जर ७.४ किलोवॉटपर्यंत. सर्व सभासदांनी गाडीच्या ॲपमधील टायमर लावून रात्री ११.०० नंतरच चार्जिंग सुरू करावे.'

फीडर_पिलर
दोन दुरुस्त्या.

'तीस चार्जर' काढा, 'एकूण ६० किलोवॉट' लिहा. दोनशे पाच अधिक साठ, सर्वांत गरम रात्रीसुद्धा ८५ टक्क्यांच्या आत. चार्जर तीस असोत नाहीतर साठ, पॅनल साठच्या वर जाऊ देणार नाही. पुढच्या कमिटीला पुन्हा सभा घ्यावी लागणार नाही.

'रात्री ११.००' हा तर सापळा आहे. आज लोक सात ते अकराच्या मध्ये कधीही प्लग लावतात, थोडे तरी विखुरतात. टायमर लावलात की तीसही गाड्या अकराच्या ठोक्याला एकदम उठणार. मेमध्ये अकराला सगळे एसी चालू असतात. जो प्रकार टाळायचा तोच मुहूर्त काढून करताय. ब्रिटननं हे ओळखून २०२२ पासून घरगुती चार्जरमध्ये यादृच्छिक विलंब सक्तीचा केला: ठरलेली वेळ झाली तरी प्रत्येक चार्जर दहा मिनिटांपर्यंत कितीही थांबून मग सुरू होतो, आणि गरज पडल्यास हा विलंब आणखी वाढवायची सोय यंत्रात ठेवलीय. तुमच्याकडे लोड मॅनेजमेंट येईपर्यंत साधा उपाय: विंगप्रमाणे वेळा. ए विंग साडेअकरा, बी विंग दीड, सी विंग साडेतीन, आणि दर महिन्याला क्रम फिरवा.

वायरमन_भाऊ
आणि त्या आधी एकदा शटडाउन घेऊन मेन पॅनलचे सगळे बोल्ट टाइट करा. काळी पडलेली लग बदला. वाय फेजवरचे निदान दोन वॉलबॉक्स बी वर घ्या.

मीटररूम
विंगप्रमाणे वेळा! सी विंगवाले पहाटे साडेतीनवरून माझा जीव घेणार आहेत.

निशिगंधा
त्यांना सांगा की प्लग संध्याकाळीच लावून ठेवायचा असतो, उठायचं नसतं. आमच्याकडे एका काकांनी खरंच गजर लावला होता.

कट्टरडिझेल
बरं, समजा मीही घेतली एक. (समजा म्हणालोय.) दिवाळीत पाहुणे गाड्या घेऊन आले, तर त्यांची विंग कुठली?

हिशोबी
त्यांना गेटजवळ १५ अँपिअरचे दोन पॉइंट, त्याच साठ किलोवॉटात धरलेले, वेगळ्या सबमीटरवर. युनिटचे पैसे यजमानाच्या मेंटेनन्स बिलात. आणि डिझेलभाऊ, अर्ज सभेच्या आधी टाका, बी विंगमध्ये जागा शिल्लक आहे म्हणे.